तिरपा उजेड

“साब, सुबू से क्या गिन रैं? बत्त्यां कोई उठा के नै ले गया, मैं हूँ ना इधर,” यादगिरी वॉचमन खुर्चीतून न उठता म्हणाला.

“सतरा,” नरहरराव उमरीकर पुटपुटले आणि उकिडवे बसल्या बसल्याच अठराव्या दिव्याकडे सरकले. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन त्यांना पंधरा दिवस झाले होते. डॉक्टरीणबाईंनी ऊन, धूळ, वाकणं आणि शिडी या चार गोष्टी बंद केल्या होत्या. त्यातली एकटी शिडी त्यांनी पाळली होती. बाकीच्या तिन्ही गोष्टी सकाळी सातपासून बिनदिक्कत चालल्या होत्या, डोळ्यांवर काळा चष्मा होता एवढंच.

तेलुगू मुलखातल्या, जामबागमधल्या त्या मराठी शाळेला शंभर वर्षं झाली होती आणि आज संध्याकाळी तिच्या दगडी इमारतीवर रोषणाई व्हायची होती. भिंतीच्या पायथ्याशी बावीस दिवे जमिनीलगत बसवलेले होते. प्रत्येक दिव्याच्या नटावर आणि खालच्या पट्टीवर मिळून नेलपॉलिशची एक आडवी रेघ होती. ही नरहररावांची पस्तीस वर्षांची पद्धत. दिव्याचा रोख दिवसा लावता येत नाही. तिन्हीसांजेला, आकाशात थोडा निळा उजेड शिल्लक असताना, दिवा हातात धरून केसभर इकडे, केसभर तिकडे असा लावावा लागतो. एकदा मनासारखा लागला की नट आवळायचा आणि त्यावर रेघ ओढायची. मग माळ्याचा पाय लागो, पोरांचा चेंडू लागो, दिवा हलला की रेघ तुटलेली दिसते. त्यासाठी ते सुलतान बाजारच्या एका बांगड्यांच्या दुकानातून सगळ्यात स्वस्त लालभडक बाटली घ्यायचे, आणि दुकानदार दर वेळी न चुकता विचारायचा की चाचा, लग्न कुणाचं आहे.

तर रेघ शाबूत म्हणजे दिवा शाबूत. ते अंगठ्याचं नख रेघेवरून फिरवायचे आणि पुढे सरकायचे. दिव्याकडे बघायची त्यांना कधी गरजच वाटली नव्हती.

“बावीस,” शेवटी ते म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. मान वर करून त्यांनी सज्ज्याच्या डाव्या कोपऱ्यातला तेविसावा दिवाही बघितला. तिथवर हात पोचत नव्हता, पण डबा जागेवर होता.

त्या तेविसाव्या दिव्यात त्यांचा जीव अडकला होता.

झालं होतं असं. जुलै महिन्यात एका संध्याकाळी ते इमारतीचा अंदाज घेत होते. समोरून झगझगीत उजेड टाकणं म्हणजे पोलीस चौकीत माणसाचा फोटो काढणं, असं त्यांचं ठाम मत होतं. दगडाच्या अगदी जवळून, भिंतीला घासून उजेड सोडला की टाकीचा एकेक घाव उठून दिसतो. तशी ते सज्ज्याखालच्या पट्टीवर बॅटरी तिरपी धरून बघत होते, आणि दिवसा कोऱ्या दिसणाऱ्या त्या झिजलेल्या दगडावर अचानक अक्षरं उभी राहिली. ‘दगडकाम – पेंटय्या, राजय्या, हुसेन. शके १८४७.’

नरहरराव याच शाळेत दहा वर्षं शिकले होते. त्या सज्ज्याखाली अंगठे धरून उभे राहिले होते. कुणा मास्तरांना, कुणा संस्थाचालकांना ती ओळ माहीत नव्हती. बॅटरी जरा सरळ केली की अक्षरं गुडुप, तिरपी केली की पुन्हा हजर. त्यांनी चार वेळा करून बघितलं आणि चौथ्या वेळी तिन्ही नावं मोठ्याने वाचली. आपण आयुष्यभर हॉटेलं, मंगल कार्यालयं, पुढाऱ्यांचे बंगले, देवळांची शिखरं उजळली. आपलं नाव कुठल्या भिंतीवर आलं नाही, याचं त्यांना कधी वाईट वाटलं नव्हतं. पण या तिघांनी कुणालाही न विचारता स्वतःची नावं कोरून ठेवली होती, आणि शंभर वर्षं ती वाचायला कुणी आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते बायकोला, विमलला घेऊन आले. तिने डोळे बारीक करून मोठ्याने वाचलं, आणि म्हणाली, “अगं बाई! हे तर लपून बसलेत हो.”

तेव्हाच त्यांचं ठरलं. तेविसावा दिवा खास त्या ओळीसाठी तिरपा लावायचा. रोषणाई सुरू झाली की आपण माईक हातात घ्यायचा, लोकांना सज्ज्याखाली बघायला सांगायचं आणि ती तीन नावं वाचून दाखवायची. मग खुशाल घरी बसायचं.

रंगाचा प्रश्न तेव्हाच निघाला होता. शाळेच्या कमिटीतल्या काहींना रंग बदलणारे दिवे हवे होते. नरहररावांनी संदीपला स्पष्ट सांगितलं, “रंग टाकायचे असतील तर मला मोकळं कर.” संदीप म्हणजे गौलीगुड्याच्या त्यांच्याच गल्लीतला. वायर सोलायला त्याला त्यांनीच शिकवलं, आणि आज तो कंपनीचा मालक होऊन काकांना पगार देत होता. त्याने गळ्याला हात लावून शपथ घेतली होती. “आईशप्पत काका. कंदिलासारखा पिवळसर पांढरा, बस्स. तुम्ही लावाल तसा.”

सगळा रोख लावून, रेघा ओढून, मगच नरहरराव ऑपरेशनला गेले होते.

“पूरे बराबर हैं,” त्यांनी यादगिरीला सांगितलं.

“मैं क्या बोला फिर?” यादगिरी म्हणाला, आणि का कोण जाणे, त्यांच्याकडे न बघता तंबाखूची डबी उघडू लागला.

*

घरी विमलने त्यांचा पांढरा शर्ट दोनदा इस्त्री केला होता. तिसऱ्यांदा करायला घेतला तेव्हा नरहररावांनी तो हातातून काढून घेतला.

“माझं लग्न आहे का आज?”

“सगळ्या रेघा बघून आलात?” तिने विचारलं.

“आलो. बावीसच्या बावीस.”

“झालं तर मग.” तिने सुटकेचा श्वास सोडला. तो त्यांनी ऐकला आणि त्यांना बरं वाटलं. आपल्या कामाची हिला आपल्याइतकीच काळजी, असं त्यांच्या मनात आलं. नवरा-बायकोत चाळीस वर्षांत इतकं तर होणारच, असंही वाटलं.

“आज माईकवर तुमचं नाव घेणार आहेत,” विमल म्हणाली. “संदीप बोलला. नुसतं उमरीकर नाही, पूर्ण नाव. शाल, नारळ सगळं. माझ्या जावा येणार आहेत, आपली वैशाली सासरहून येणार आहे. तुम्ही तिथं तोंड वाकडं करू नका म्हणजे मिळवली.”

“मी कशाला तोंड वाकडं करू?”

ती देवापुढच्या निरांजनात वात सारत बसली.

*

मैदान भरून गेलं होतं. जुनी मंडळी धोतर-टोपीत, त्यांची मुलं गच्चीबावलीहून गाड्या घेऊन आलेली, नातवंडं आजी-आजोबांशी इंग्रजी-तेलुगूत बोलणारी. मुख्याध्यापिका भाग्यलक्ष्मी मॅडम सगळ्यांना वाकून नमस्कार करत होत्या. त्यांचं मराठी चार वाक्यांचं, पण ती चार वाक्यं त्या मनापासून बोलायच्या.

“आमचे नरहर गोविंदराव उमरीकर सर!” त्यांनी माईकवर पुकारा केला, आणि टाळ्या झाल्या.

नरहरराव मंचावर चढले. शाल आली, नारळ आला. मग मॅडमनी त्यांना फाटकाजवळच्या खांबाकडे बघायला लावलं. तिथला मखमली पडदा कुणीतरी बाजूला केला. पितळेची पाटी होती. ‘प्रकाशयोजना : श्री. नरहर गोविंदराव उमरीकर.’ नरहरराव ते वाचत राहिले. पहिल्या रांगेत बसलेल्या विमलने डोळ्याला पदर लावला होता. खरं सांगायचं तर त्या क्षणी नरहरराव हरखून गेले. नाव नको, नाव नको म्हणणाऱ्या माणसालाही स्वतःचं नाव पितळेवर वाचताना छाती फुगल्यासारखी वाटतेच.

“आता बटन, सर,” मॅडम म्हणाल्या.

मैदानातले दिवे बंद झाले. पश्चिमेला थोडी निळाई उरली होती. अगदी हवी तेवढीच, असं म्हणत नरहररावांनी काळा चष्मा काढून खिशात ठेवला आणि बटण दाबलं.

शाळा जांभळी झाली.

पहिल्यांदा त्यांना वाटलं, डोळाच. ऑपरेशननंतर काही दिवस रंग वेगळे दिसतील असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. त्यांनी उजव्या डोळ्यावर तळहात धरला आणि डाव्या, जुन्या, पिवळट डोळ्याने बघितलं. शाळा जांभळीच होती. मग ती गुलाबी झाली. मग हिरवी, मग निळी. आणि मागे कुठेतरी ढोल-ताशाची ध्वनिफीत सुरू झाली. उजेड पसरट होता, रंगाचा डबा ओतावा तसा भिंतभर सपाट पसरलेला. टाकीचा एक घाव दिसत नव्हता. त्यांनी सज्ज्याखाली बघितलं. तेविसावा दिवाही गुलाबी झाला होता, आणि त्याच्यासमोरचा दगड कोरा करकरीत होता.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पोरं किंचाळत होती. शेकडो मोबाईल वर झाले होते.

“दोन शब्द, सर,” मॅडमनी माईक हातात दिला.

नरहररावांनी माईक तोंडापाशी नेला. सगळे त्यांच्याकडे बघत होते. वर बघा, असं म्हणायचं होतं. पण वर काय होतं आता? “आभारी आहे,” ते म्हणाले आणि माईक परत दिला. लोकांना वाटलं, म्हातारा भारावून गेलाय. टाळ्या आणखी वाढल्या.

संदीप मंचामागे हातात मोबाईल घेऊन उभा होता. रंग तोच बदलत होता. काका जवळ आले तसा त्याने मोबाईल पाठीमागे धरला. लहानपणी गोट्या लपवायचा तसाच.

“काका, रागावू नका. आधी ऐकून घ्या. कमिटीला बतुकम्माच्या सणाला गुलाबी पाहिजे, झेंड्याच्या दिवशी तिरंगा पाहिजे. मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्याने केलं असतं. मग तुमची पाटी कुठली आणि सत्कार कुठला?”

“अक्षरं गेली, संदीप.”

“कोण वाचणार होतं काका? खरं सांगा. माझी मानसी सातवीत आहे. तुमचं नाव पाटीवर मराठीत लिहिलंय ते तिने मला विचारलं, डॅडी, क्या लिखा है?”

“मला एकदा सांगायचं होतंस.”

“सांगितलं असतं तर तुम्ही आला असता का?”

नरहरराव आले नसते, हे खरंच होतं. गळ्याला हात लावून शपथ घेतलेल्या पोराने केसाने गळा कापला होता, आणि वर तो हिशेबात बरोबरही निघत होता. त्यांनी अंगावरची शाल काढून घडी केली.

लोक जेवणाकडे वळले. बगारा भाताचा वास मैदानभर सुटला. नरहरराव एकटेच भिंतीपाशी गेले आणि पहिल्या दिव्यासमोर उकिडवे बसले. दिवे बदलले, मग सकाळी रेघा कशा शाबूत होत्या, हे कोडं त्यांना सुटत नव्हतं. त्यांनी खिशातली छोटी बॅटरी काढून रेघेवर धरली.

रेघ लाल नव्हती. मरून रंगाची होती. काळ्या चष्म्यातून लाल आणि मरून सारखेच दिसले होते. आणि ती त्यांच्यासारखी जाडीभरडी, ओघळलेली नव्हती. एका हाताने, एका दमात, दोऱ्यासारखी बारीक ओढलेली होती. वैशालीच्या लग्नाला विमलने ही मरून बाटली घेतली होती. ती घरात आरशाच्या फळीवर असायची. रोज दाढी करताना त्यांच्या डोळ्यांसमोर असायची.

त्यांनी दुसरा दिवा बघितला. तिसरा बघितला. चौथ्यापाशी त्यांना उठवेना.

“ताट घेऊन आले तुमचं,” मागून विमलचा आवाज आला. “इथं काय बघायलात? चला की, सगळे विचारायलेत तुम्हाला.”

नरहररावांनी बॅटरीचा झोत रेघेवर धरून ठेवला. विमल बघत राहिली. तिच्या हातातल्या ताटातली वाटी कलंडली आणि कढी काठावरून सांडली, तरी तिचं लक्ष गेलं नाही.

“संदीपला हे सुचलं नसतं,” ते म्हणाले.

“नाही सुचलं,” विमल म्हणाली. “मीच बोलले. ते दिवा बघत नाहीत, रेघ बघतात, हे मला सोडून कोणाला ठाव आहे? तुम्ही दवाखान्यात तपासायला गेलात ना मंगळवारी, डोकं दुखतंय म्हणून मी घरी राहिले, त्या दिवशी बाटली घेऊन इथं आले. यादगिरीने पाट दिला बसायला.”

“विमल, ती अक्षरं तू वाचली होतीस.”

“हौ, वाचली होती.” तिचा आवाज चढला आणि लगेच फुटला. “ते तिघं मेलेत हो! शंभर वर्षं झाली. तुम्ही जिवंत आहात. पस्तीस वर्षं लोकांच्या भिंतीखाली असेच बसलात तुम्ही, आणि लग्नात कार्यात लोक मला विचारायचे, मिस्टर काय करतात, तर मी म्हणायची, लाइटचं बघतात. एकदा, फक्त एकदा, चार माणसांत तुमचं नाव ऐकायचं होतं मला. संदीप बोलला, रंगाचं कळलं तर काका येणार नाहीत, मग पाटी पण नाही. मी काय करणार होते?”

“मला विचारायचं.”

“तुम्ही नाही म्हणाला असता.”

दोघांनीही त्यांना तेच सांगितलं होतं. तुम्ही नाही म्हणाला असता, म्हणून विचारलं नाही. नरहररावांना तिचा राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. संदीपने फसवलं ते त्याच्या धंद्यासाठी. पण विमलने त्यांची नस न् नस ओळखून, त्यांचा विश्वास नेमका कुठे टेकतो ते बघून, तिथे ब्रश फिरवला होता. बावीस वेळा. हिच्याजवळ आता आपण कशाचा भरवसा धरायचा, हा प्रश्न त्यांना पडला.

“मला भूक नाही,” ते म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ते हत्यारांची पिशवी घेऊन शाळेत गेले. यादगिरीला वाटलं, दिवे उपटायला आले. तो घाबरून उभा राहिला.

“साब, मेरी नौकरी का सवाल है. बत्त्यां को हात नक्को.”

“बत्ती नहीं,” नरहरराव म्हणाले.

ते फाटकाच्या खांबापाशी गेले. पाटीला चार स्क्रू होते. त्यांनी ते एकेक करून सोडवले, घाई न करता, पितळेवर ओरखडा येऊ न देता. पाटी उतरवून कागदात गुंडाळली. खांबाच्या दगडात चार भोकं उरली. तशीच सोडून जाणं त्यांच्या हातून होण्यासारखं नव्हतं. त्यांनी डबीतलं पांढरं सिमेंट पाण्यात कालवलं, त्यात थोडी काळी माती मिसळून दगडाचा रंग जुळवला, भोकं बुजवली आणि अंगठ्याने सारखी केली.

“मॅडम पूछे तो क्या बोलूँ?” यादगिरीने विचारलं.

“बोलना, नाम ग़लत पड़ गया था.”

वळले तर फाटकाबाहेर विमल उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. पायात घरातल्या चपला होत्या, केसही नीट बांधलेले नव्हते. रडून रडून डोळे सुजले होते. तिने बुजवलेल्या भोकांकडे बघितलं, मग त्यांच्या हातातल्या पुडक्याकडे.

“ती घरी तरी लावू द्या,” ती म्हणाली. “आपल्याच घरात. कोणी बघणार नाही.”

नरहररावांनी हत्यारांची पिशवी खांद्याला लावली. दोघं गौलीगुड्याच्या दिशेने चालू लागली, ते पुढे आणि ती दोन पावलं मागे.

पुतलीबावलीच्या चौकात सकाळची वर्दळ सुरू झाली होती. ऑपरेशन झाल्यापासून हा चौक ओलांडताना विमल त्यांचं कोपर घट्ट धरायची आणि ऑटोवाल्यांवर ओरडत त्यांना पलीकडे न्यायची. आताही ती झपझप पुढे आली आणि तिने हात पुढे केला. नरहररावांनी पाटी त्या बाजूच्या काखेत घेतली. मग येणाऱ्या ऑटोला तळहात दाखवत, अंदाजाने पाऊल टाकत, ते एकटेच रस्त्यात उतरले.

पलीकडे पोचल्यावर ते थांबले. विमल अजून अलीकडेच होती, हात तसाच थोडा पुढे धरून. मधून एक बस गेली, तिच्यामागून दुसरी गेली. नरहरराव पाटी काखेत धरून उभे राहिले, पण मागे वळून त्यांनी बघितलं नाही.